चेहरा त्याचा, पाठ परक्याची

विलो क्रीक, पाइन रिज, साउथ डकोटा
१४ मार्च १९६०

पडद्यावरच्या मेहुण्या,

डेलफीन म्हणते, माझ्या थोरल्या भावाच्या नावाआधी काहीतरी मानाचं लिहीत जा. मी म्हटलं, जो माणूस दर शनिवारी घोड्यावरून पडून मरतो त्याला कसला आलाय मान? ती रागावून चुलीकडे वळली. मी तुझ्या वाट्याचं वाळवलेलं मांस खात हे लिहितोय.

बातमी अशी की मिशनच्या फादरने सभागृहात टेलिव्हिजन आणून ठेवलाय. शनिवारी संध्याकाळी अख्खं विलो क्रीक तिथं असतं. चित्र इतकं अंधूक की हिमवादळात गुरं शोधल्यासारखं वाटतं. पण तुझं नाक लपत नाही. दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी टेकडीवर तू उभा, सिनेमातला रेड इंडियन, एक हात वर केलेला, शाळेत बाहेर जायची परवानगी मागावी तसा. मग कुणीतरी गोळी घातली आणि तू मेलास. झालं! म्हाताऱ्या बायांनी रीतसर गळा काढला. फादर घाबरून वायर उपटायला धावला. ‘अहो, तो जिवंत आहे, लॉस एंजेलिसमध्ये जेवतोय,’ असं मी ओरडून सांगितलं, तेव्हा त्या शांत झाल्या. काहींना अजून पटलेलं नाही.

सासूबाई मात्र रडल्या नाहीत. त्या पहिल्या बाकावर होत्या आणि मी अर्थातच मागे, कोट टांगायच्या खुंट्यांखाली. जावयाने सासूच्या नजरेसमोर बसायची सोय नाही ना. पण एवढं दिसलं की त्या बाकी काही बघत नव्हत्या, तुझे केस बघत होत्या.

आता तुझ्या केसांचं काय ते तूच सांग बाबा. त्या शनिवारी कमरेपर्यंत. पुढच्या शनिवारी खांद्यापर्यंत. लोक म्हणाले, चला, कापले एकदाचे. आणि परवाच्या शनिवारी बघतो तर पुन्हा कमरेपर्यंत! कॅलिफोर्नियात पाण्यात काय घालतात? इथे तुमचा म्हातारा गेला त्याच दिवशी डेलफीनने शोकात वेणी कापली, सासूबाईंनी तर मुठीत धरून कापले. मीही कापले, म्हणजे शाळेच्या न्हाव्याने लहानपणी जे काही ठेवलं होतं ते.

ऑगस्टमध्ये वर्ष पुरं होतंय. जेवण मोठं करायचं, सगळं वाटून टाकायचं, आणि ज्यांनी शोक धरला त्यांचे डोळे पुसून, केस विंचरून त्यांना परत माणसांत आणायचं, असं ठरलंय. डेलफीन ताऱ्यांच्या गोधड्या शिवत बसलीय. काल टाका घालता घालता ती चुलीला म्हणाली, ‘कुणाकुणाचे केस फार लवकर वाढतात.’ बहिणीने भावाला असं थेट विचारायचं नसतं, म्हणून ती बिचारी चुलीशी बोलते. चूल काही बोलली नाही. म्हणून मी तुला लिहिलं.

तुझ्याहून देखणा,
एमेट दाजी


लॉस एंजेलिस
२९ मार्च १९६०

दाजी,

तुझं पत्र घरमालकिणीने दारात दिलं आणि मी जिन्यातच वाचून इतका हसलो की तिला वाटलं मला लॉटरी लागली. माझ्या मरणावर तुम्ही रडता आणि मला त्याचे पैसे मिळतात, मग तुम्हालाही काहीतरी द्यायला हवं.

केसांचं विचारतोस? अरे, इथे आमच्यासारख्यांची किंमत केसांवरच ठरते. माझा एक एक केस स्टुडिओच्या मालकीचा आहे. विमा उतरवल्याशिवाय मी भांग पाडत नाही. तू चालवतोस त्या मिशनच्या ट्रकपेक्षा माझी एक वेणी जास्त किमतीची आहे, आणि ती चढावर बंदही पडत नाही. सात दिवसांत केस वाढल्याचं तू काय लिहिलंयस ते नीटसं कळलं नाही. तुझं नेहमीचंच काहीतरी असेल.

काम भरपूर आहे. सकाळी घोडा, दुपारी घोडा. इनाला सांग, आई, तुझा मुलगा मजेत आहे. सांग म्हणजे डेलफीनला सांगायला सांग. तू स्वतः सासूसमोर जाऊन उभा राहशील आणि म्हातारी शाल डोक्यावरून ओढून पळेल.

ऑगस्टच्या जेवणाची नक्की तारीख कळव. मी येणार. वडिलांना पुरलं तेव्हा मी तिथं नव्हतो, आता तरी तुमच्यात उभा राहू दे.

तुझा,
अल्फॉन्स


विलो क्रीक
२० एप्रिल १९६०

किमती वेणीवाल्या मेहुण्या,

तुझं पत्र डेलफीनने सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होतो. ‘माझा एक एक केस स्टुडिओच्या मालकीचा’ इथवर ती आली आणि थांबली. मला वाटलं, हसू आवरत नसेल. थोड्या वेळाने दोनदा खोकून मी आत गेलो, म्हणजे सासूबाईंना तोंड फिरवायला सवड मिळावी. आत कुणीच हसत नव्हतं.

मग सासूबाई डेलफीनला काहीतरी म्हणाल्या. डेलफीन चुलीला म्हणाली, ‘गोधड्या नऊ शिवायच्या होत्या. आता आठच.’ नववी डोळे पुसून झाल्यावर तुझ्या खांद्यावर टाकायची होती. मी चुलीला म्हटलं, उरलेल्या कापडात माझ्या विजारीची बैठक शिवून दे. त्यावर चुलीतलं लाकूड माझ्या अंगावर आलं. नेम चुकला.

आणखी एक. गेल्या शनिवारी तू पुन्हा आला होतास, लाल खडकांच्या मुलखात. पुढून घोड्यावर येतोस, केस वाऱ्यावर. मग तंबूत शिरतोस, तिथं नुसती पाठ दिसते, आणि मग शेवटपर्यंत पाठच. सासूबाई भर सभागृहात उठून म्हणाल्या, ‘चेहरा त्याचा आहे. ही पाठ मी धुतलेली नाही.’ लोक वळून बघायला लागले. फादर म्हणाला, आजी, बसा. त्या बसल्या नाहीत, घरी गेल्या.

माझं मत, तिकडच्या खाण्याने तुझी पाठ सुटलीय.

एमेट


लॉस एंजेलिस
९ मे १९६०

दाजी,

तुझ्या पत्रातलं खरं कुठलं आणि थट्टा कुठली हे गाळून घ्यायला चाळणी मिळाली तर पाठव. मला काही कळेना.

इना सभागृहात खरंच उठली होती का? तिला पाठीत नेमकं काय वेगळं दिसलं? त्या चित्रात मी निळं कापड बांधलं होतं का डोक्याला? ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिही. आणि गोधडीची भानगड काय? माझीच का वगळली? मी काही चुकीचं लिहिलं असेन तर ते काय, ते तरी सांग. मी तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा हसलो नाही, आणि तिसऱ्यांदा दिव्याखाली धरून बघितलं, जणू मागे आणखी काही लिहिलं असेल.

काम भरपूर आहे. तारीख तू अजून कळवलेली नाहीस.

अल्फॉन्स


विलो क्रीक
६ जून १९६०

मेहुण्या,

ही थट्टा नाही. शपथेवर सांगतो.

तारीख वीस ऑगस्ट, शनिवार. पण तू येऊ नकोस. सासूबाई म्हणाल्या, ‘ज्याने शोक धरलाच नाही त्याचे डोळे काय पुसायचे?’ हे त्यांनी डेलफीनला सांगितलं, डेलफीनने चुलीला, आणि मी तुला. मध्ये मी माझं काही घातलेलं नाही.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. आपण दोघं असेच मोठे झालो. मेहुण्याला टोचायचं आणि टोचून घ्यायचं, रागवेल तो नादान. आता खरं बोलायची वेळ आली तर माझ्याकडे त्यासाठी शब्दच नाहीत. कुणी मला त्यासाठी तयारच केलं नाही.

शिवाय तू आलास तर अर्धा बैल एकटा खाशील आणि आमच्या वाट्याला शेपूट येईल.

एमेट


लॉस एंजेलिस
२१ जून १९६०

दाजी,

शाबास. हा तुझा सगळ्यात मोठा डाव. गेल्या वर्षीही तू ‘शपथेवर सांगतो’ म्हणून लिहिलं होतंस, आणि पुढे काय? तर जमातीच्या कौन्सिलवर खेचर निवडून आलं. मी दोन आठवडे खरं धरून बसलो होतो. इथल्या आपल्या माणसांनाही सांगितलं. त्यांनीही खरं धरलं.

म्हणून हसलो. बैलाच्या शेपटीपाशी तर फारच हसलो. मग अंथरुणावर पडलो आणि झोप लागेना. मी शोक धरला नाही? असं कोण म्हणालं? कशावरून? असलं काही थट्टेत म्हणत नाहीत, तुझ्यासारखा बेशरमही म्हणणार नाही. मग खरं असेल? पण खरं असेल तर त्याला कारण हवं, आणि कारण मला सापडत नाही. डोकं नुसतं गरगरतंय.

वर दुसरंच एक प्रकरण येऊन बसलंय. टेलिव्हिजनची मालिका सुरू होतेय. त्यात नायकाचा एक आपल्यातलाच, लाकोटा जमातीचा मित्र आहे. त्याला नाव आहे! तो बोलतो, पूर्ण वाक्यं बोलतो, आणि पहिल्या तेरा भागांत तरी मरत नाही. न्यू जर्सीच्या कुणा इटालियन पोराला घेतलं होतं. तो पहिल्याच दिवशी घोड्यावरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. मग त्यांना मी आठवलो. बारा वर्षं मी टेकड्यांवर हात वर करून उभा आहे दाजी, आणि आता कुणीतरी म्हणतंय, खाली ये आणि बोल. मात्र अठरा ऑगस्टला हजर व्हायचं, कपड्यांसाठी आणि घोड्यासाठी. बावीसला चित्रण सुरू.

अठरा आणि वीस. आता मी काय करू? घरून खरंच बोलावणं नसेल तर इथंच राहतो. असेल तर काय करीन, माहीत नाही. पण आधी काय खरं ते कळू दे. तू शपथ घेऊ नकोस, तुझ्या शपथेने आणखी गोंधळ होतो. डेलफीनला म्हणावं, चुलीला सांगतेस ते एकदा मलाच सांग. रीत मोडेल, पण मी वाईट मानणार नाही.

अल्फॉन्स


विलो क्रीक
११ जुलै १९६०

तिब्लो,

मी तुला कधी नुसतं ‘दादा, कसा आहेस’ असंही तोंडावर विचारलेलं नाही. तू खोलीत आलास की मी नजर खाली घालायची, तुझे मोजे शिवायचे, तुझ्या ताटात चांगला तुकडा वाढायचा. तुझा मान राखायची मला एवढीच रीत शिकवली. हे पत्र लिहिताना माझं तोंड खिडकीकडे आहे, तेवढं तरी असू दे.

एमेटने लिहिलं ते खरं आहे. त्याला मी बरंच बोलले. त्या शेपटीची काय गरज होती?

इनाला टेलिव्हिजन आवडत नाही. त्या उजेडाने तिचे डोळे दुखतात. तरी दर शनिवारी ती जाते. का जाते ते मला उशिरा कळलं. तुझे केस कापलेले दिसावेत म्हणून जाते. मार्चपासून वाट बघतेय. दर शनिवारी तू येतोस आणि केस जिथल्या तिथे. घरी आली की ती काही खात नाही. नवऱ्यासाठी शोक धरलेल्या बाईने असंही कमीच खायचं, आणि हे त्याच्यावर. तिची मनगटं बघवत नाहीत. त्यात तू लिहिलंस, तुझा एक एक केस स्टुडिओचा. मी ते वाचायला नको होतं, पण तोंडातून शब्द गेले होते. ती म्हणाली, ‘बापापेक्षा ते लोक मोठे झाले.’ त्या रात्रीनंतर तिने तुझं नाव काढलेलं नाही.

मी थेट विचारते. तू केस कापलेस की नाही? कापले नसशील तरी सांग. तुझं पोट त्यावर चालतं, मी समजून घेईन आणि मी तुझी बहीणच राहीन. पण मला माहीत असायला हवं. तिच्याशेजारी मी उभी असते, आणि तुझ्या बाजूने काय बोलावं हे मला कळत नाही.

डेलफीन


लॉस एंजेलिस
२२ जुलै १९६०

तांक्शी,

बहिणीचं अक्षर पाकिटावर बघूनच मी खाली बसलो.

केस मी कापले. तार मिळाली त्याच घटकेला कापले. आम्ही लाल खडकांच्या वाळवंटात होतो, गावापासून खूप लांब, आणि तार फिरत फिरत माझ्याकडे आली तोवर तुम्ही वडिलांना पुरलं होतं. मी रंगभूषेच्या तंबूमागे गेलो. तिथल्या बाईंची कात्री मागितली. त्यांना वाटलं, दोरा तोडायचा असेल. मी कातडीला लागून कापले, दोन ठिकाणी रक्त आलं.

चित्रण अर्धं झालं होतं. घोड्यावरून मी येतो ते झालं होतं, तंबूत शिरतो ते राहिलं होतं. दिग्दर्शक ओरडला नाही. माझ्या डोक्याकडे बघत राहिला आणि मग अगदी हळू विचारलं, ‘तू काय केलंस हे तुला कळतंय का?’ मला वाटलं तो वडिलांबद्दल विचारतोय. मी म्हटलं, हो. त्याला वाटलं मी उर्मट आहे. मग टेक्ससच्या एका घोडेस्वाराला माझे कपडे आणि केसांचा टोप चढवला आणि त्याची पाठ दाखवून चित्र पुरं केलं. इनाने बरोबर ओळखलं. ती पाठ त्याची.

बाकीची चित्रं जुनी आहेत. कुठलं सहा वर्षांपूर्वीचं, कुठलं तीन, टेलिव्हिजनवाले मिळेल ते कधीही लावतात. त्या माणसाला वडील गेल्याचं माहीतच नाही, कारण तो त्याआधीचा मी आहे. मला वाटायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तुम्हाला कुणी सांगितलं असणार? मीच सांगायला हवं होतं.

त्या दिवसापासून काम नाही. करार मोडणारा म्हणून माझं नाव झालं. ‘काम भरपूर’ ते हे, की मी एका खाणावळीत भांडी घासतो, आणि ती खरंच भरपूर असतात. घरमालकीण म्हणाली, ‘हे काय, सैन्यात निघालास?’ मी म्हटलं, हो. आणखी काय सांगणार? दाजीने केसांचं विचारलं तेव्हा वाटलं तो चिडवतोय. चिडवणाऱ्याला रडगाणं कसं सांगायचं? म्हणून फुशारकी मारली. आता जितकी वाक्यं आठवतात तितकी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नव्या कामात टोप चालणार आहे, म्हणूनच मला घेतलं. अठराला गेलो नाही तर ते गेलं, आणि पुन्हा कुणी विचारणार नाही हेही नक्की. मी येतो असं मी लिहीत नाही. येत नाही असंही लिहीत नाही. खोटं पुष्कळ लिहून झालं, आता जे खरंच माहीत नाही ते माहीत नाही म्हणतो.

अल्फॉन्स


विलो क्रीक
३ ऑगस्ट १९६०

तिब्लो,

इनाला सगळं वाचून दाखवलं. कात्रीपाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. रक्त आलं ते ऐकून तिने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

एमेट बाहेर पायरीवर होता. त्याने ऐकलं आणि उठून ट्रक धुवायला गेला. ट्रक आधीच धुतलेला होता. दोन दिवस झाले, त्याने कुणाची थट्टा केलेली नाही. शेजारी विचारतात, आजारी आहे का?

इनाने पत्र माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, ‘आपण इथे सगळे मिळून रडलो. मी रडले तेव्हा तू होतीस, तू रडलीस तेव्हा मी. पोर तिकडे एकटं होतं, आणि मी वर्षभर त्याच्यावर रागावून बसले.’ मला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. तिने विचारलं, ‘त्या नव्या कामात मरतो का तो?’ मी म्हटलं, नाही. ‘बोलतो?’ म्हटलं, हो, नाव पण आहे. ती म्हणाली, ‘मग ते कर म्हणावं. बरं काम आहे.’

मी म्हटलं, आणि वीस तारखेचं? आमंत्रणं गेलीत, बैल ठरलाय. ती म्हणाली, ‘जेवण होऊ दे. तुमचे सगळ्यांचे डोळे पुसा, केस विंचरा, माणसांत या. माझे राहू द्या. तो मोकळा होईल तेव्हा येईल, त्याच्याबरोबर मी माझा शोक सोडेन. वर्ष लागलं तर वर्ष. मला कुठे जायचंय?’

तिब्लो, तिला आणखी एक वर्ष! मी हात जोडले, रागावले, चुलीलाही सांगून बघितलं. ती ऐकत नाही. तुझ्यावर हे ओझं टाकू नकोस असं तिने मला बजावलं होतं, तरी मी लिहितेय. एकदा रीत मोडलीच आहे.

काय करायचं ते तू ठरव. मला तर कुठलंच बरोबर दिसत नाही.

डेलफीन


लॉस एंजेलिस
१२ ऑगस्ट १९६०

तांक्शी,

इनाला सांग, थांबू नकोस. मी येतोय. सोळाच्या बसने निघतो, एकोणीसला रॅपिड सिटीला पोचेन.

आज स्टुडिओत जाऊन सांगितलं. तिथल्या साहेबाने विचारलं, ‘कोण गेलं?’ म्हटलं, वडील. त्याने टोपी काढली, भला माणूस आहे. ‘अरेरे. कधी?’ म्हटलं, वर्ष होईल. त्याने टोपी परत घातली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘वर्ष झालं, तर आता घाई कसली?’ मी समजवायला लागलो. बारा वर्षं मी ह्या लोकांची वाक्यं ऐकतोय, पण हे एक वाक्य मला जुळवता येईना. आई, केस, डोळे पुसणं असं काहीतरी तुकड्यातुकड्यांत बोललो. तो म्हणाला, गुरुवारी नाही आलास तर शुक्रवारी दुसरा माणूस घ्यावा लागेल. मी म्हटलं, घ्या.  मी शूर वगैरे नाही, मला ते काम हवं होतं. अजून हवं आहे.

दाजीला म्हणावं, बस थांब्यावर मला गप्प उभा दिसलास तर मी त्याच बसने परत जाईन. काहीतरी घाणेरडं बोल, म्हणजे मला कळेल मी घरी आलो.

आणि इनाला एवढंच सांग. मी केस कापले खरे, पण रडलो नाही. त्या दिवशी सगळे घड्याळ बघत होते आणि नंतर भांडी होती. मी वर्षभर धरून ठेवलं ते हेच रडू. तिच्याशेजारी उभा राहिलो की रडेन, मग आम्हा दोघांचे डोळे एकदमच पुसा.

अल्फॉन्स